निर्णयवृक्षाची वाचनीयता

वर्गीकरण करणाऱ्याने आपले निकष उघडपणे मांडावेत, ही अपेक्षा साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. अभंगाचे कर्तृत्व ठरविताना किंवा पोथीची पाठपरंपरा लावताना आपण तीच धरतो. आता अशी वर्गीकरणे मशीन लर्निंगच्या साहाय्याने होऊ लागली आहेत. त्यांतील निर्णयवृक्षाची पद्धती ब्राइमन, फ्रीडमन, ओल्शेन व स्टोन यांच्या १९८४ च्या ग्रंथाने आणि क्विन्लन यांच्या १९८६ च्या निबंधाने रूढ झाली. एकामागून एक प्रश्न विचारीत निष्कर्षाप्रत जाणारी ही पद्धती माणसाला वाचता येते, हा तिचा मोठा गुण मानला जातो. प्रत्यक्षात प्रबंधांतून छापले जाणारे वृक्ष पुष्कळदा वाचता येत नाहीत. असा वृक्ष मानव्यविद्यांत पुरावा म्हणून स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

लखनौशी निगडित असलेले एक उदाहरण घेऊ. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत केलेली वाटणी त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथात गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडत जाते. मध्यम तीव्र की शुद्ध, ऋषभ कोमल की शुद्ध, अशा प्रश्नांवर उभारलेली ही वाटणी निर्णयवृक्षाच्या रूपात सहज मांडता येईल.

समजा, कोणी तसा वृक्ष सायकिट-लर्न या संगणकप्रणालीत तयार केला. गुणधर्मांची नावे दिली नाहीत, तर आकृतीच्या चौकटीत ‘एक्स ३ ≤ ०.५’ एवढेच उमटते. त्याखाली अशुद्धतेचा अंक व नमुन्यांची संख्या येते. तेथे ‘तीव्र मध्यम नाही’ असे लिहिले, की संगीताचा विद्यार्थी लगेच शंका घेईल. भूपाली व देशकार या दोन्ही रागांत मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. ज्या रागात मध्यमच नाही, त्याला तो तीव्र आहे की शुद्ध, हे कसे विचारावे? यंत्राने ‘वर्ज्य’ आणि ‘शुद्ध’ या दोहोंस शून्यच दिले असेल, तर दोन्ही राग एकाच फांदीने जाऊन बिलावल थाटात पडतील. भातखंडे मात्र भूपाली कल्याण थाटात व देशकार बिलावलात ठेवतात. भूपालीचा वादी गंधार आणि देशकाराचा धैवत, हा भेद ते मानतात. वृक्षात वादी स्वराचा प्रश्नच नाही, ही उणीव शब्दांमुळे दिसली. अंकांनी ती झाकली होती.

यावरून काही पथ्ये निघतात. प्रत्येक चौकटीत अट विद्याशाखेच्या भाषेत असावी आणि शून्य व एक यांचा अर्थ आकृतीखाली द्यावा. अशुद्धतेचे अंक निबंधात आवश्यक नसतील, तर गाळावेत. चार-पाच पातळ्यांहून खोल वृक्ष एका पानावर मावत नाही. तेव्हा वृक्षच लहान केला आहे, की मोठ्या वृक्षाचा केवळ वरचा भाग काढला आहे, हे स्पष्ट सांगावे. या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरीत निर्णयाचा उरलेला भाग वाचकापासून दूर राहतो. देवनागरीचा प्रश्नही गौण नव्हे. योग्य टंक नसल्यास अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. जोडाक्षरे जुळविण्याची सोय नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. म्हणून नावे रोमनमध्ये देण्याची सवय लागली आहे. परंतु ग्राफव्हिझसारखी साधने योग्य टंक दिल्यास देवनागरी नीट मांडतात. शेवटी, एका परिचित उदाहरणाचा मुळापासून पानापर्यंतचा प्रवास शब्दांत लिहून दाखवावा.

आकृती सोपी केल्याने विषय उथळ होतो, हा आक्षेप मला पटत नाही. भातखंड्यांच्या थाटपद्धतीवर विद्वानांनी कठोर टीका केली. ती शक्य झाली, कारण त्यांचा निकष स्वरांच्या नावांत लिहिलेला होता. उद्या एखादा अभंग तुकारामांचा नाही असे यंत्राने ठरविले, तर ते कोणत्या शब्दामुळे, कोणत्या रूपामुळे ठरले, हे वाचून त्यास हरकत घेण्याचा अधिकार संतसाहित्याच्या अभ्यासकाला मिळाला पाहिजे. तो देण्याची जबाबदारी वृक्ष छापणाऱ्याची आहे.

विकास नगर, लखनौ