को जागर्ति?

मंडळी, 2007 सालची कोजागिरी माझ्या लक्षात राहिली ती आटीव दुधामुळे नव्हे, एका चुकलेल्या भेटीमुळे. गच्चीवर आम्ही सारे चंद्राकडे तोंड करून बसलो होतो आणि तिकडे ययाती तारकासमूहात एक नवा 'तारा' नुसत्या डोळ्यांना दिसत होता. कोणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्याही नाही, आणि मी तर पोरांना नक्षत्रे ओळखायला लावणारा मास्तर! नंतर पेपरात वाचले. ती चुटपुट अजून आहे.

तो होता होम्सचा धूमकेतू. मे महिन्यातच सूर्याजवळून जाऊन परत निघालेला, अगदी अंधुक. 23-24 ऑक्टोबरला तो दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पट तेजस्वी झाला! पुढे त्याच्या धुळीचा गोळा सूर्याहूनही मोठा झाला. हे प्रथम लक्षात आले ते टेनेरिफ बेटावरच्या एका हौशी निरीक्षकाच्या. गंमत म्हणजे 1892 मध्ये लंडनच्या एडविन होम्सना तो सापडला तोही असाच भडकलेला असताना. हे गृहस्थ नेहमीच्या सवयीने देवयानी दीर्घिका पाहत होते.

नातू म्हणतो, "आजोबा, आता कॅमेरे बघतात, तुम्ही झोपा." खरे आहे. कॅलिफोर्नियातील पालोमारचे झेडटीएफ सर्वेक्षण 2018 साली सुरू झाले. दर दोन-तीन रात्रींनी उत्तरेचे सारे आकाश टिपायचे आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहायचे, ही त्याची रीत. विर्टानेन धूमकेतूचे सहा छोटे भडके अशा निरीक्षणांतून अभ्यासता आले. आपल्याकडेही लडाखमध्ये हानले येथे 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आकाशातल्या अशा अचानक बदलांचा पाठलाग करते.

यावर काही जण विचारतात, तेच तेच आकाश रोज टिपण्यात पैसा का घालवायचा? मला हे पटत नाही. शाळेत रोजची हजेरी घेणे कंटाळवाणेच असे. पण एखादे पोर दर बाजाराच्या दिवशी गैरहजर असते हे त्या वहीतूनच कळायचे, आणि मग त्याच्या घरची ओढाताण कळायची. धूमकेतूंचेही तसेच. भडका का उडाला? बर्फात कोंडलेला वायू एकदम सुटला, की कडा कोसळला? रोझेटा यानाने 2015 मध्ये चुर्युमोव-गेरासिमेंको धूमकेतूवर कोसळलेला कडा टिपला, तोही आधीची चित्रे हाताशी होती म्हणूनच ओळखता आला. भडक्याची रात्र सगळेच पाहतात. तिचा अर्थ मात्र काहीच न घडलेल्या रात्रींच्या नोंदीतून लागतो. या नोंदीवरचा खर्च म्हणूनच मला उधळपट्टी वाटत नाही.

कोजागिरीला लक्ष्मी विचारते, कोण जागे आहे? जागे तर आम्हीही होतो हो, पण पाहत नव्हतो. असो. येत्या कोजागिरीला दूध पिऊन झाले की चंद्राकडे पाठ करून पाच मिनिटे बाकीच्या आकाशाचीही हजेरी घ्या. मी घेणार आहे.