कॅज्युअल्टीचं दार नव्या परिचारिकेला बंद का?

मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमची निवेदनं तुमच्या कार्यालयात पोचली आहेत. पोचपावतीचे शिक्के आमच्याकडे आहेत, उत्तर मात्र नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, पूर्ण केली आहे, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणीही झाली आहे आणि मला कॅज्युअल्टीतच काम करायचं आहे. जिथे जाते तिथे पहिला प्रश्न येतो, अनुभव किती? मुलाखत तिथेच संपते.

शिकत असताना आम्ही सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत काय करत होतो, हे तुमच्या विभागाला नीट ठाऊक आहे. आमच्याशिवाय त्या पाळ्या भरल्याच नसत्या. पेरणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस आला की थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाहीये. लगेच डॉक्टरांना हाक मारायची आणि एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा वायल तयार ठेवायच्या. फवारणीचं औषध प्यालेल्या माणसाच्या उशाशी अॅट्रोपिन देताना डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, छाती पुन्हापुन्हा तपासत आम्ही नाईट काढल्या. तेव्हा अनुभवाचा दाखला कुणी मागितला नाही. नोंदणी झाली, पगार द्यायची वेळ आली, आणि त्याच दारात आम्ही अननुभवी ठरलो. हा अन्याय आहे आणि तो तुमच्या नियमांनी चालू ठेवला आहे.

कंत्राटी भरतीत अनुभवाला वेगळे गुण देता, त्यामुळे नव्या मुलीचं नाव यादीच्या तळाशी जातं. नियमित भरतीची वाट पाहा म्हणता. २०२१ ची परीक्षा पेपरफुटीने गेली. २०२३ मध्ये गट क आणि ड ची १०,९४९ पदं निघाली, तर अर्जाची फी हजार रुपयांपर्यंत. ज्या घरात पगार नाही त्या घरातून ही फी जाते.

मग उरतात खासगी रुग्णालयं. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ ला खासगी परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न हाती घ्यायला केंद्राला सांगितलं. केंद्राच्या समितीने आकडे ठरवून दिले. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं वेतन, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. तुमच्या नियमित अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. मला एका रुग्णालयात सांगितलेला पगार आठ हजार होता. तोही रोखीने, हजेरीपटावर नाव न घालता, मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात ठेवून. अनुभवाचं पत्र मागितलं तर उत्तर मिळालं, "सोडताना बघू." तुम्ही ज्या अनुभवाला गुण देता तो कागदावर येऊच द्यायचा नाही, अशी ही सोय आहे. शिफारशींना इतकी वर्षं झाली, त्या का पाळल्या जात नाहीत? खाटा मोजून नोंदणी देणारे जिल्हा शल्यचिकित्सक तर तुमचेच आहेत.

सरकारी रुग्णवाहिकांतही जागा नाही. १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. २३३ अद्ययावत आणि ७०४ साध्या, अशा ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांत डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक. परिचारिकेसाठी पदच ठेवलं नाही.

आणि नांदेडचं सरकारी रुग्णालय. २०२३ च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बालकं. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मनुष्यबळ कमी आहे, हे तेव्हा सगळेच बोलले. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, महापालिकांची रुग्णालयं आणखी कुणाची, ही उत्तरं आम्ही ऐकली आहेत. श्वास अडकलेलं मूल खातं बघून येत नाही. एकीकडे माणसं नाहीत म्हणता आणि दुसरीकडे नोंदणीकृत मुली घरी बसवता.

आमची मागणी अशी. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत नव्या नोंदणीकृत परिचारिकांना कॅज्युअल्टीची एक वर्षाची पगारी नेमणूक द्या, इनचार्ज सिस्टरच्या देखरेखीखाली, आणि वर्ष संपताच विभागाच्या शिक्क्याचं अनुभव प्रमाणपत्र. शिकाऊ काळातल्या कॅज्युअल्टी पाळ्या कंत्राटी भरतीत अनुभव म्हणून धरा. जे खासगी रुग्णालय वेतनपत्र आणि अनुभवपत्र देत नाही, परिचारिकेची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवतं, त्याच्या नोंदणीचं नूतनीकरण थांबवा.

हा आदेश मे संपायच्या आत निघायला हवा. जूनमध्ये पेरण्या सुरू होतात आणि सर्पदंशाचे रुग्ण वाढतात.

आपली,
एक नोंदणीकृत परिचारिका