मिटलेले पोवळे

सूरह रहमान पढताना मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख येतो. मरजान म्हणजे पोवळे. आपल्याला ते अंगठीतल्या लाल खड्यापुरतेच ठाऊक असते. पण पोवळे हा मुळात प्राणी आहे. कुर्ल्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने घरात एक पाळले आहे. त्याच्यावरून गेल्या एप्रिलमध्ये आपाच्या घरी जे झाले, ते या महिन्यात सांगते.

भाचा कॉलेजात शिकतो. शिकवण्यांच्या पैशातून त्याने साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. दगडी पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे चौकशी करून त्याने मऊ जातीचे ‘लेदर कोरल’ घेतले. दिसायला जाड अळंबीसारखे. दिवा लागला की त्याच्या छत्रीवर शेकडो बारीक फुले उमलतात. ही फुले म्हणजेच पॉलिप. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते उजेडात अन्न तयार करून पोवळ्याला पोसते.

एके रात्री फोन आला. “खाला, चार दिवस झाले, ते उमलतच नाही. रंगही उतरलाय.”

“मग तू काय केलेस?”

उत्तर ऐकून मी कपाळाला हात लावला. पहिल्या दिवशी त्याने दिव्याचा उजेड वाढवला, दुसऱ्या दिवशी पोवळ्याची जागा बदलली, तिसऱ्या दिवशी दुकानातून औषधाची बाटली आणून ओतली. आता निम्मे पाणी बदलायच्या बेतात होता. मी म्हटले, “रविवारी येते. तोवर हात बांधून बस. फक्त वहीत लिही, कधी काय दिसते ते.”

लेदर कोरल मिटणे ही नेहमीच आजाराची खूण नसते. मधूनमधून ते आठवडाभर मिटते, चकचकीत दिसते, मेणासारखी पातळ कात टाकते आणि पुन्हा उमलते. म्हणून माझा पहिला प्रश्न होता, एकटे तेच रुसले आहे की सगळेच? एकच मिटले असेल तर त्याच्यापुरते कारण शोधायचे: शेजारच्या पोवळ्याचा डंख, माशाचे टोचणे, पाण्याचा कमीजास्त झोत. सगळीच आक्रसली असतील तर दोष बहुधा पाण्याचा. भाच्याच्या वहीत होते, ‘बाकीची छोटी पोवळीही अर्धीच उघडतात.’ म्हणजे पाणी.

त्याचा काटेवाला हायड्रोमीटर १.०२५ दाखवत होता, म्हणजे समुद्राइतकाच खारेपणा. पण काट्यावर मिठाचा पांढरा थर दिसला. थराने काटा जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. मित्राकडून रिफ्रॅक्टोमीटर आणून तपासले. १.०३०! लिटरमागे ३५ ग्रॅमच्या जागी जवळजवळ ४० ग्रॅम क्षार.

एवढे मीठ आले कुठून? आपा दारात उभी होती. म्हणाली, “उन्हाने पाणी खाली जायचे. हा घरी नसला की मीच भरायची. त्या ड्रममधले, त्याने मीठ कालवून ठेवलेले. समुद्राचा जीव, त्याला खारेच पाणी नको का?”

भाचा तडकला. “अम्मी, तुला कोणी सांगितले होते हात लावायला?” आपा काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

मी त्याला बसवले. “सातवीत तुला बाष्पीभवन शिकवले होते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. कमी झालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, आरओच्या पाण्याने करायची. हे तुला ठाऊक होते. अम्मीला सांगितले होतेस?”

त्याने मान खाली घातली.

“मग चूक कोणाची? ती तुझ्या जिवाला जपत होती. आणि तुझा काटा किती दिवसांत धुतला नाहीस?”

तो उठून आत गेला. काय बोलला ते मी ऐकले नाही. थोड्या वेळाने आपा चहा घेऊन आली. डोळे ओले होते, पण चेहरा हसरा होता.

पाणी सुधारायचे तर एका दमात नाही. खारेपणा अचानक उतरला तर तोही धक्काच. आम्ही हिशेब केला: रोज टाकीतले दीड लिटर पाणी काढायचे आणि तितकेच आरओचे घालायचे, असे पाच दिवस. उजेड पूर्वीइतका केला. बाटली बंद. पोवळ्याची जागा आता पुन्हा बदलायची नाही. सगळे एकदम बदलले तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले, दोन्ही कळत नाही.

सहाव्या दिवशी आकडा १.०२५ वर आला. पोवळे मात्र मिटलेलेच. भाच्याचा फोन, “आता काय करू?” मी म्हटले, “काही नाही. सबर कर.” नवव्या दिवशी पोवळ्याने कात टाकली. झोताने ती निघून गेली आणि दोन दिवसांनी फुले उमलली. पहिला फोटो मला आपाने पाठवला. अल्हम्दुलिल्लाह.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना ऐकवतो. काचेत ठेवलेल्या मुक्या जिवालाही ती लागू आहे. तो अमानत आहे. तेव्हा घरात टाकी असेल तर एवढे करा: पाण्याच्या पातळीची खूण काचेवर करा, रोज गोडे पाणी घाला, उपकरण धुऊन ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला नियम समजावून सांगा. भाच्याच्या टाकीवर आता एक चिठ्ठी आहे: ‘भरायचे पाणी – निळी बाटली.’ अक्षर आपाचे आहे.