हवा विकत घेण्याआधी धूर थांबवा

थंडी पडू लागली आणि मुंबई-पुण्याच्या हवेचे आकडे रोज बातम्यांत येऊ लागले की एअर प्युरिफायरची चौकशी वाढते. बाहेरची हवा वाईट, तेव्हा दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि आतली हवा यंत्राने गाळून घ्यायची, असा हा सरळ हिशेब. घर म्हणजे प्रदूषणापासूनचा आडोसा, हे त्यात गृहीत धरलेले असते. पण बाहेरची धूळ फटीफटीतून आत येतेच, शिवाय स्वयंपाकाचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा धूर आणि भिंतींची ओल ही खास घरातली भर असते. दिवसाचा बहुतेक वेळ आपण छपराखालीच असतो, त्यामुळे ही भर छातीत जास्त जाते. म्हणून घरातली हवा सुधारायची तर आधी धुराचा उगम बंद करावा, मग हवा खेळती ठेवावी आणि एवढ्यानेही भागले नाही तरच यंत्र आणावे. सध्या आपण सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करतो आहोत.

उगम बंद करण्याने किती फरक पडतो, याचा सर्वांत मोठा पुरावा चुलीचा आहे. कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात नेमके किती कण जातात हे मोजले, तेव्हा प्रदूषण म्हणजे कारखान्यांची धुराडी ही समजूत डळमळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्याकडे २०१६मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात सुमारे ५९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के आढळली. सिलिंडर भरून आणणे परवडत नाही म्हणून अनेक घरांत गॅसच्या जोडीला चूल अजून पेटते, हे खरे. पण त्यातूनही हेच दिसते की धुरावरचा उपाय इंधनात आहे. चुलीशेजारी कोणी प्युरिफायर ठेवत नाही. शहरातल्या फ्लॅटला मात्र हे तर्कशास्त्र आपण लावत नाही.

फ्लॅटमधल्या चुलींची नावे फक्त वेगळी आहेत. चीन आणि मलेशियातल्या डासांच्या कॉइलवर २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असे आढळले. ही कॉइल आपण बंद खोलीत, झोपलेल्या मुलांच्या उशाशी रात्रभर जळत ठेवतो. उदबत्ती आणि धूप यांचा धूरही शेवटी धूरच. कडकडीत तेलातली फोडणी आणि तळण यांतून सूक्ष्म कण उडतात आणि गॅसच्या निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. बाथरूममध्ये बसवलेला गॅस गीझर तर हवा जायला वाट नसेल तर जीव घेतो, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. यांतला जवळजवळ प्रत्येक धोका फुकट किंवा अगदी थोड्या खर्चात कमी होतो: कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी, फोडणीआधीच सुरू केलेला एक्झॉस्ट फॅन, गीझर बाथरूमबाहेर.

यावर पहिला आक्षेप असा की खिडकी उघडली तर बाहेरची घाण आत येईल. आक्षेप रास्त आहे, पण बाहेरची हवा दिवसभर सारखी नसते. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, तिच्यासोबत धूरही खाली साचतो. ऊन चढले की हवा वर-खाली मिसळू लागते, मुंबईत दुपारी समुद्रावरून वाराही येतो. तेव्हा पहाटे आणि वाहनांच्या गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावावी, दुपारी घर उघडावे. चोवीस तास बंद राहिलेले घर स्वच्छ राहत नाही. बहुतेक घरगुती एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात. बाहेर कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत तो सकाळपर्यंत सहज हजारापुढे जातो.

दुसरा आक्षेप असा की यंत्र खरोखर काम करते. करतेच. चांगला हेपा फिल्टर सूक्ष्म कण पकडतो आणि घरात दम्याचा रुग्ण असेल, बाहेर बांधकामाची धूळ असेल, तर त्याच्या खोलीत प्युरिफायर ठेवणे शहाणपणाचे आहे. पण हेपा वायू पकडत नाही, कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, फिल्टर वेळेवर बदलला नाही तर कणही नीट पकडत नाही. शिवाय शेजारी कॉइल जळत असेल तर यंत्र दिवसरात्र तिचाच धूर गाळत बसते. कुंड्यांची गोष्ट याहून पोकळ आहे. झाडे हवा शुद्ध करतात हा लोकप्रिय समज नासाच्या १९८९च्या प्रयोगांवर उभा आहे आणि ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. अशा अनेक प्रयोगांचा आढावा २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरमागे किमान दहा झाडे लागतील. झाडे जरूर लावावीत, पण खिडकीला पर्याय म्हणून नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: उघडायला खिडकीच नसेल तर? मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला. तो २०१८मध्ये समोर आला. एकमेकींना खेटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही आणि तिथल्या क्षयरोगाचा या कोंडलेपणाशी संबंध आहे, असे त्यातून दिसले. अशा घराला ‘हवा खेळती ठेवा’ असा सल्ला देणे क्रूर आहे आणि तिथे हजारोंचे यंत्र सुचवणे हास्यास्पद. तिथली हवा नकाशा मंजूर झाला त्याच दिवशी ठरली. पुनर्विकासाच्या लाटेत दोन इमारतींमधले अंतर कमी करण्याची प्रत्येक सवलत म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांच्या रहिवाशांच्या श्वासातून केलेली कपात असते. शहराच्या हवेचा निर्देशांक बाहेरच्या केंद्रांवर मोजला जातो, त्यामुळे ही कपात कुठल्याच आकड्यात दिसत नाही. ज्यांच्या घराला खिडकी आहे त्यांनी कॉइल विझवावी आणि खिडकी उघडावी, त्यासाठी सरकारची वाट पाहायचे कारण नाही. ज्यांच्या घराला ती नाही त्यांच्या हवेची जबाबदारी मात्र नकाशावर सही करणाऱ्यांची आहे आणि ती हवा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.