अंधाराची धमकी आणि भीतीचा व्यापार

आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, मागील बिल भरल्याची नोंद नाही, अमुक क्रमांकावर 'अधिकाऱ्या'शी बोला: २०२२ साली अशा आशयाच्या संदेशांचा मुंबईत सुळसुळाट झाला. घाबरलेला ग्राहक फोन करतो. 'अधिकारी' त्याला एक ॲप उतरवून घ्यायला आणि दहा रुपये भरायला सांगतो. त्या ॲपमुळे ग्राहकाच्या फोनचा पडदा ठगाला दिसू लागतो आणि दहा रुपयांच्या निमित्ताने टिपलेल्या गुप्त आकड्यांवर आयुष्याची पुंजी लुटली जाते.

'लोक लोभी असतात म्हणून फसतात' हा सुखवस्तूंचा आवडता सिद्धांत येथे लागू पडत नाही. येथे फसतो तो नियमाने बिल भरणारा माणूस. देणे राहिल्याच्या नुसत्या शंकेनेही तो ओशाळतो. उपनगरांच्या मोठ्या भागाची वीज २०१८ मध्ये रिलायन्सकडून अदानींकडे गेली. मुलुंड-भांडुपला महावितरण आहे. मालक कोणीही असो, ग्राहकाची भीती तीच. २०२० च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबले, सरासरीने आकारणी झाली आणि पुढे अवाढव्य बिले हाती पडली. बिलाबाबत काहीही घडू शकते, हा धडा ग्राहकाला ठगांनी दिलेला नाही.

वस्तुतः २००३ च्या विद्युत अधिनियमाचे कलम ५६ स्पष्ट आहे: थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. 'आज रात्री' हे दोन शब्दच त्या संदेशाचा खोटेपणा सिद्ध करतात! मग देय तारखेइतक्याच ठळक अक्षरांत हा हक्क प्रत्येक बिलावर का छापू नये?

तोवर सोसायट्यांच्या आणि चाळींच्या फलकांवर कार्यकर्त्यांनीच तो लिहावा. सोबत हेही लिहावे: साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेल्या धमकीला उत्तर देऊ नये, जुन्या बिलावरील क्रमांकावरच चौकशी करावी, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नये. फसवणूक झालीच तर तत्काळ बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. कारण ग्राहकाने स्वतः गुप्त आकडे दिले असल्यास बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले.

ठगाला सिमकार्ड कोणी दिले, पैसे वळवायला खाते कोणी उघडून दिले, हे प्रश्न मात्र फसलेल्या निवृत्त शिक्षकाला विचारून चालणार नाही. त्यांची उत्तरे दूरसंचार कंपन्यांनी आणि बँकांनी द्यावीत. सावधगिरी नागरिकाची आणि नफा त्यांचा, ही वाटणी न्यायाची नव्हे.