लघुग्रहाला धक्का तर दिला, पण तो तिप्पट कसा बसला?

२०२५च्या फेब्रुवारीत '२०२४ वायआर४' या लघुग्रहाने बरीच चर्चा घडवली. डिसेंबर २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एका टप्प्यावर तीन टक्क्यांच्या वर गेली होती. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. पुढच्या निरीक्षणांनंतर हा धोका टळला. पण खरंच असा दगड आला, तर आपण काय करणार?

'त्याला धक्का द्यायचा' हे उत्तर एकदाच प्रत्यक्ष तपासलं गेलंय. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं 'डार्ट' यान डायमॉर्फसवर मुद्दाम आदळवण्यात आलं. यान सुमारे ५८० किलोचं, वेग सेकंदाला ६ किलोमीटरहून जास्त. डायमॉर्फस सुमारे दीडशे मीटरचा, वस्तुमान अंदाजे ४३० कोटी किलो. मोठ्या डिडिमॉस लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३० मिनिटांहून जास्त कमी झाली. ७३ सेकंदांचा फरकही यश मानला जाणार होता!

बातम्यांत मिनिटांचा हा आकडा गाजला. आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे.

शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम आठवा. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. बाहेरून बल लागलं नाही, तर टक्करीआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो. यान दगडात नुसतं रुतून बसलं असतं, तर डायमॉर्फसचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी बदलला असता. प्रत्यक्षात तो सुमारे २.७ मिलिमीटरने बदलला.

मग नियम मोडला का? अजिबात नाही. धडकेने उडालेला मलबा हिशेबात धरायचा राहिला होता. लाखो किलो धूळ-दगड यान आलं त्या दिशेला मागे फेकले गेले. गोळी सुटली की बंदुकीचा दस्ता खांद्यावर आदळतो, तसा लघुग्रहाला उलट दिशेने जादा रेटा मिळाला.

मेख इथेच आहे. किती मलबा उडेल, हे लघुग्रह भुसभुशीत आहे की टणक, यावर ठरतं, आणि ते आधी ठाऊक नसतं. डायमॉर्फससाठीही संशोधकांचा अंदाज २.२ पट ते ४.९ पट इतका पसरलेला आहे, कारण त्याचं वस्तुमान नेमकं मोजलेलं नाही. धक्का कमी पडला तर दगड चुकणार नाही. जास्त झाला तर त्याचे तुकडे होऊ शकतात.

शिवाय वेळ हवा. सरळ गुणाकार केला तर सेकंदाला २.७ मिलिमीटर म्हणजे वर्षाला जेमतेम ८५ किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर.

डायमॉर्फसचं वस्तुमान मोजायला युरोपचं 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय. २०२६च्या अखेरीस ते तिथे पोहोचेल, असं नियोजन आहे.