हटवली म्हणे!

खान्देशातल्या मेहरूणमधलं किराणा दुकान. वऱ्हाडे नावाच्या गिऱ्हाइकानं उधारी चुकती केली, दुकानदारानं यादीतून नाव काढायचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी: ‘नोंद यशस्वीरीत्या हटवली.’ यादी पुन्हा उघडली, तर वऱ्हाडे बाकीसकट जागच्या जागी!

‘भो, हे मशीन खोटं बोलतं,’ दुकानदार मला म्हणाला. मशीनला कशाला दोष? खोटं बोललाय तो पट्टी लिहिणारा.

त्याचा कोड मी वाचला. यादी जावाच्या ट्रीमॅपमध्ये होती. हा ट्रीमॅप १९९८ पासून आहे, नावं क्रमानं लावून ठेवतो आणि काम चोख करतो. त्यातून नोंद काढायला ‘रिमूव्ह’. नोंद सापडली तर तिची किंमत हातात परत मिळते, नाही सापडली तर नल. म्हणजे रीतसर पावती मिळते! या महाभागानं ती वाचलीच नाही. रिमूव्ह म्हटलं की झालं, लगेच हिरवी पट्टी. बँकेत चेक टाकून वटला का हे न बघताच पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

आता नोंद का सापडली नाही? यूनिकोडमध्ये ‘ऱ्ह’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो: अख्खा ‘ऱ’ घेऊन, साध्या ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढं एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे, ट्रीमॅपला तीन वेगळी नावं. जावात नॉर्मलायझर २००६ पासून आहे. तो पहिल्या दोन तऱ्हा एक करतो, तिसरी आपल्याला निस्तरावी लागते. चार ओळींचं काम. पण मराठी दुकानांना यादी विकणाऱ्यानं मराठीतलं एक अक्षर तपासू नये? वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, बऱ्हाणपूर! बऱ्हाणपूर तर खान्देशाच्या उंबऱ्यावर आहे.

पुढं आणखी एक रत्न होतं. जुन्या नोंदी काढायला यानं फॉर-लूप चालवलाय आणि त्याच लूपच्या पोटातून रिमूव्ह केलंय. ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची! चाचणीत हे खपलं, कारण काढायची नोंद नेमकी शेवटची होती आणि तिथं अपवाद फेकला जात नाही. इटरेटरचं स्वतःचं रिमूव्ह आहे, २०१४ पासून ‘रिमूव्ह-इफ’ आहे. वाचायचे कष्ट कोण घेणार?

दुकानदारानं विक्रेत्याला फोन लावला. साहेबांचा निर्वाळा आला: प्रणाली निर्दोष आहे, नाव नव्यानं टाका आणि मग काढा. दुकानदारानं नाव टाकलं. जुनी नोंद नुक्त्याची, नवी अख्ख्या ‘ऱ’ची. आता यादीत दोन वऱ्हाडे आहेत आणि त्या दोघांच्या मधोमध, क्रमानं अगदी बरोबर, वराडे.